डिजिटल कंट्रोलर कंप्युटरला जोडला आणि गाडी हलेना? मग हे असं बघत जा

सोलापुरात रेल्वेचं वेड असलेल्यांना तोटा नाही. रेल्वे डिव्हिजनचं गाव, प्रत्येक गल्लीत कुणीतरी रेल्वेतला, पलीकडं कुर्डुवाडीला वर्कशॉप, बार्शी लाईटची अडीच फुटी गेजवाली गाडी आठवणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यातलाच कुणीतरी हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जातो, कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघतो आणि घरी आला की महिन्याभरात दिवाणावर मॉडेल रेल्वेचा ट्रॅक पसरलेला असतो. इथपर्यंत मजा. मग यूट्यूब बघून डिजिटल कंट्रोलर येतो, तो कंप्युटरला जोडला जातो, आणि मग फोन येतो, "गाडी हलेना बे, कंट्रोलर उडला वाटतं."

कंट्रोलर बहुतेक वेळा उडालेला नसतो. हे त्याच फोनचं लांबलचक उत्तर समजा, नवीन माणसासाठी लिहिलंय त्यामुळे जाणकारांनी सुरुवातीचं सोडून पुढं जावं.

आधी नेमकं काय चालतं ते थोडक्यात. जुन्या साध्या पद्धतीत रुळात जेवढा डीसी व्होल्टेज सोडाल तेवढी गाडी पळते, रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळतात. डिजिटलमधे, म्हणजे डीसीसीमधे, रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतो, एचओ या नेहमीच्या मापाच्या गाडीला साधारण १४ ते १६, आणि तो सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असतो. त्या उलटण्याच्या टायमिंगमधेच हुकूम लपवलेला असतो, ५८ मायक्रोसेकंदाचा अर्धा भाग असेल तर एक, १०० किंवा जास्तीचा असेल तर शून्य. इंजिनाच्या पोटातला डेकोडर ते वाचतो, आपला नंबर आला तरच हलतो. ही पद्धत मूळ जर्मनीच्या लेन्झ कंपनीची, पुढं एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं तिचं स्टँडर्ड केलं, म्हणून एका कंपनीचा कंट्रोलर नि दुसऱ्या कंपनीचा डेकोडर एकमेकांशी बोलू शकतात.

म्हणजे साखळी अशी: कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर, यूएसबी केबल, कमांड स्टेशन (म्हणजे आपला कंट्रोलर), वायरी, रूळ, चाकं, डेकोडर, मोटर. नवीन माणूस काय करतो, तर एकाच वेळी केबल बदलतो, सॉफ्टवेअर परत टाकतो, ट्रॅक घासतो, आणि गाडी चालली तरी कशानं चालली ते कळत नाही, मग आठ दिवसांनी परत तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि आधी एवढंच ठरवायचं की दुखणं कमांड स्टेशनच्या अलीकडं आहे का पलीकडं. हे जमलं की निम्मं काम झालं.

जवळ काय ठेवायचं: पिवळा साधा मल्टिमीटर, एक जास्तीची यूएसबी केबल, पाच रुपयांचं पितळी नाणं, मोबाईल रिपेरिंगवाल्याकडं मिळतं ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना सुती बनियन फाडून केलेले फडके, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक असं इंजिन जे चालतं हे नक्की माहिती आहे. तुमच्याकडं एकच इंजिन असेल तर दोस्ताचं आणा, त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

कंप्युटर बाजूला काढा

तुमच्या कंट्रोलरला हातात धरायचा थ्रॉटल, म्हणजे वेग कमीजास्त करायचा रिमोट, असेल तर यूएसबी सरळ उपटा, कंट्रोलर बंद करून चालू करा, आणि त्या थ्रॉटलनं गाडी चालवून बघा. चालली? मग रूळ, वायरी, डेकोडर सगळं ठीक आहे, कंप्युटर आणि केबल बघा. नाही चालली? मग कंप्युटरकडं ढुंकून बघू नका, खाली रुळाच्या भागात जा. लोकं हे करतच नाहीत, रात्रभर विंडोज परत टाकत बसतात आणि सकाळी कळतं की रुळाची एक वायर स्क्रूतनं निघालेली.

आपल्याकडं बरेच जण आर्डुइनो मेगा हा छोटा बोर्ड आणि त्याच्यावर बसणारं, रुळाला करंट देणारं मोटर शील्ड घेऊन त्यात डीसीसी-ईएक्स हा कमांड स्टेशनचा प्रोग्राम टाकतात, स्वस्तात होतं म्हणून, आणि मला विचाराल तर शिकायला तेच बरं. त्याला हातातला थ्रॉटल नसतो, तिथं कंप्युटर बाजूला काढता येत नाही, पण मोठं सॉफ्टवेअर बाजूला काढता येतं. ते पुढं सांगतो.

केबल आणि पोर्ट

मोबाईलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलमधे डेटाच्या तारा नसतातच, नुसतं चार्जिंग. बोर्डवरचा लाईट लागतो म्हणून माणूस निश्चिंत आणि कंप्युटरला काहीच दिसत नाही. केबल बदलून बघा, हे पहिलं.

मग विंडोजमधे डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात पोर्ट्स असा भाग असतो. केबल लावल्यावर तिथं एक नवीन ओळ यायला पाहिजे आणि काढल्यावर जायला पाहिजे, कॉम ३ किंवा कॉम ५ असा काहीतरी नंबर असेल तो कागदावर लिहून ठेवा. ओळ आली पण पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर नाही. स्वस्तातल्या मेगा बोर्डवर बहुतेक सीएच ३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. जुन्या यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टरमधे प्रोलिफिकची चिप असते आणि त्यातल्या जुन्या किंवा नकली चिपा नवीन ड्रायव्हरला चालत नाहीत, कोड १० अशी एरर येते, तिथं डोकं लावू नका, दुसरा कन्व्हर्टर घ्या.

लिनक्सवाल्यांना पोर्ट दिसतो पण उघडत नाही, परमिशनची बोंब. आपला यूजर डायलआउट ग्रुपमधे टाका, लॉगआउट करून परत या, झालं.

दर वेळी यूएसबी दुसऱ्या भोकात घातली की विंडोज कॉम नंबर बदलू शकतं आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. म्हणून एक भोक ठरवून टाका, वर स्केचपेननं खूण करा. गाडी अर्धा तास छान चालते आणि मग कंप्युटर गप्प, असं होत असेल तर पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, लॅपटॉपवर हे हमखास.

कमांड स्टेशनशी थेट बोला

हा भाग डीसीसी-ईएक्सवाल्यांसाठी, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच. जेएमआरआय, म्हणजे कंप्युटरवरनं गाडी चालवायचं ते मोठं सॉफ्टवेअर, बंद करा. पूर्ण बंद, खाली टास्कबारमधे लपलेलं असेल तर तेही. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर उघडून सिरियल मॉनिटर चालू करा, स्पीड १,१५,२०० ठेवा. स्पीड चुकला तर चौकोन, प्रश्नचिन्हं असला कचरा येतो, तो कचरा दिसला तर घाबरू नका, म्हणजे केबल आणि ड्रायव्हर ठीक आहे, नुसता स्पीड चुकलाय.

नीट जोडलं की बोर्ड स्वतःहून चार ओळी बोलतो, त्यात व्हर्जन आणि कुठला मोटर शील्ड ते लिहिलेलं असतं. ते शील्डचं नाव तुमच्याकडं आहे तेच आहे का बघा. मग त्रिकोणी कंसात नुसतं छोटं एस टाइप करून एंटर मारा, स्टेटस येतं. त्रिकोणी कंसात १ मारला की रुळात पॉवर जाते, ० मारला की बंद. आणि गाडी चालवायला त्रिकोणी कंसात छोटं टी, मग इंजिनाचा नंबर, स्पीड, दिशा, मधे स्पेस. नवीन डेकोडरचा नंबर कंपनीतनं ३ येतो, म्हणजे टी ३ ३० १ असं मारलं की पुढं जायला पाहिजे, तीसच्या जागी शून्य टाकलं की थांबायला पाहिजे. सगळे कंस आणि अक्षरं इंग्लिश कीबोर्डवरची.

चालली का? मग बोर्ड, शील्ड, रूळ, इंजिन चारी ठीक, दोष जेएमआरआयच्या सेटिंगमधे. नाही चालली पण उत्तरं येतायत? मग दोष रुळाकडं. उत्तरच येत नाही? मग केबल, ड्रायव्हर किंवा बोर्डमधला प्रोग्राम.

शील्ड नवीन बसवली असेल तर एक बघा. आर्डुइनोच्या मूळ मोटर शील्डवर तुम्ही रुळासाठी जो १४-१५ व्होल्ट देता तो व्हिन नावाच्या पिनमधनं खाली मेगालाही जातो, आणि मेगाचा रेग्युलेटर तापतो, कधी जळतोही. शील्डच्या मागच्या बाजूला व्हिन कनेक्ट म्हणून बारीक जोड असतो तो कापतात नाहीतर ती एक पिन वाकवून बाहेर ठेवतात. शिवाय त्या शील्डवरच्या एल २९८ चिपमधे दोनेक व्होल्ट वाटेतच खर्च होतात, त्यामुळं १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लावून "गाडी मरतुकडी पळते" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

जेएमआरआय

जेएमआरआय फुकट आहे, जावावर चालतं, पाचव्या व्हर्जनला जावा ११ किंवा पुढचं लागतं. उघडतच नसेल तर आधी जावा बघा.

सिरियल पोर्ट म्हणजे एका खिडकीवर एकच माणूस, मागचा कितीही ओरडला तरी पुढचा हटल्याशिवाय नंबर लागत नाही. सिरियल मॉनिटर उघडा राहिला असेल तर जेएमआरआयला पोर्ट मिळणार नाही, पोर्ट बिझी आहे म्हणून सांगेल. मॉनिटर बंद करा, मगच जेएमआरआय.

प्रेफरन्सेसमधे कनेक्शन्सच्या पानावर तीन गोष्टी: कंपनीचं नाव, पोर्ट, आणि स्पीड. कंपनी म्हणजे कंट्रोलरची, इंजिनाची नाही, हा गोंधळ फार जणांचा होतो. डीसीसी-ईएक्स यादीत त्याच नावानं असतं, जुन्या व्हर्जनमधे डीसीसी प्लस प्लस म्हणून बघा. सेव्ह करून सांगेल तसं बंद करून परत चालू करा, नुसतं सेव्ह करून भागत नाही. आर्डुइनोचा बोर्ड पोर्ट उघडला की स्वतःहून रीसेट होतो, त्यामुळं जेएमआरआय जोडलं की चालती गाडी थांबते आणि ट्रॅक पॉवर बंद होते, ते बिघाड नाही, वरचं पॉवरचं बटण दाबा.

वायफायवाला कंट्रोलर असेल, म्हणजे रोकोचा झेड २१ वगैरे, तर त्याचा पत्ता कंपनीतनं १९२.१६८.०.१११ असा येतो आणि आपल्या घरातले बरेच राऊटर १९२.१६८.१ नं सुरू होणारे पत्ते वाटतात, तो तिसरा आकडा वेगळा म्हणून दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. एक तर झेड २१ बरोबर आलेला राऊटरच वापरा नाहीतर दोघांचा तो आकडा सारखा करा. तरीही दिसेना तर विंडोजचा फायरवॉल जावाला अडवतोय का बघा, पहिल्यांदा विचारतो तेव्हा घाईत कॅन्सल मारलेलं असतं.

आता रूळ

खरं सांगायचं तर वरचं सगळं एकदा नीट बसलं की परत बिघडत नाही, रोजची कटकट रुळाचीच.

पहिलं नाण्याचं. पॉवर चालू ठेवून पाच रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाका, एचओचा गेज १६.५ मिलिमीटर, नाणं २३ चं, बरोबर बसतं. कंट्रोलरनं लगेच शॉर्ट ओळखून पॉवर तोडली पाहिजे. लेआउटच्या, म्हणजे मांडलेल्या सगळ्या ट्रॅकच्या, कानाकोपऱ्यात, सगळ्यात लांबच्या टोकालाही करून बघा. एखाद्या ठिकाणी तोडली नाही, नाणं तापायला लागलं, तर लगेच काढा आणि तिथं वायर कमी पडतेय असं समजा. उपाय सोपा, टेबलाखालून दीड एमएमची घरगुती वायर दोन रंगात फिरवा आणि दर तीनेक फुटाला तिच्यातनं बारीक वायर वर रुळाला सोल्डर करा. नुसत्या फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांच्या, भरवशावर करंट पळवू नका. त्या सैल होतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विचारू नका, पत्र्याच्या खोलीत लेआउट असेल तर सकाळ-दुपारमधे २० डिग्रीचा फरक सहज पडतो आणि तीन मीटर रूळ तेवढ्यात जवळपास एक मिलिमीटर वाढतो. रूळ कडेला कडा लावून गच्च बसवले असतील तर मे महिन्यात वाकडे होणारच, थोडी फट ठेवा.

मल्टिमीटर लावणार असाल तर एसीवर लावा, डीसीवर जवळजवळ शून्य दाखवतो आणि माणूस उगाच हबकतो. एसीवरही जो आकडा येतो तो खरा समजू नका, स्वस्त मीटर घरच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेला असतो आणि डीसीसी त्याच्या आवाक्याबाहेर पळतं. आकडा फक्त तुलनेला वापरायचा. कंट्रोलरपाशी जेवढा तेवढाच लांबच्या टोकाला आला पाहिजे, बराच कमी आला तर मधे कुठंतरी जोड कच्चा आहे.

गाडी एका गोल वळणावरून फिरून त्याच रुळावर उलटी परत येते असा आकार असेल तर तिथं डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो, कितीही साफ करा. त्याला ऑटो रिव्हर्सर, म्हणजे तिथल्या रुळाचे दोन ध्रुव आपोआप उलटे करणारं यंत्र, लागतो, सॉफ्टवेअरचा दोष शोधत बसू नका.

आणि धूळ. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं खाली यंत्रमाग आणि वर घर, तिथं हे वेगळंच प्रकरण असतं. एकाच्या घरी गाडी त्याच वळणावर अडायची आणि कंट्रोलर ओव्हरलोड दाखवून बंद व्हायचा. कंप्युटर बदलून झाला होता. इंजिन उलटं करून मोबाईलचा टॉर्च मारला तर मधल्या ॲक्सलच्या गिअरभोवती जांभळा धागा घट्ट गुंडाळलेला, चादरीच्या सुताचा, आणि करंट घेणाऱ्या पट्टीवर सुताच्या तंतूंची तेलात भिजलेली काळी गादी. चिमट्यानं ओढून काढला, चांगला वीतभर निघाला, पट्टी आयपीएनं पुसली, गाडी वळणावरून सरळ गेली. अशा घरात लेआउटवर रोज जुनी चादर टाका, आणि इंजिनाच्या गिअरला तेल टिपूसभरच, जास्तीचं तेल हे सगळं धरून ठेवतं. रूळ पॉलिश पेपरनं घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यात मळ बसतो, आयपीएचा फडका पुरतो.

इंजिन ऐकत नाही

रूळ ठीक, दोस्ताचं इंजिन चालतं, तुमचंच गप्प. आता इंजिन प्रोग्रामिंग ट्रॅकवर घ्या, म्हणजे कंट्रोलरच्या वेगळ्या प्रोग्रामिंग आउटपुटला जोडलेला बाकीच्यापासून तोडलेला रुळाचा तुकडा, आणि जेएमआरआयच्या डिकोडरप्रोमधे सीव्ही वाचा. सीव्ही म्हणजे डेकोडरच्या आतल्या सेटिंगचे खण. डेकोडर उत्तर कसं देतो, तर मोटरला क्षणभर झटका देऊन, ६ मिलिसेकंदासाठी कमीत कमी ६० मिलिअँपियर जास्त ओढतो आणि कंट्रोलर ते मोजतो. वाचताना इंजिन थोडं थरथरतं ते यामुळं. चाकं मळलेली असतील तर हा झटका पोचत नाही आणि ३०१, म्हणजे इंजिनच सापडलं नाही, किंवा ३०८, म्हणजे उत्तर आलं नाही, अशी एरर येते. दोन्हीला पहिला उपाय चाकं पुसा. कीप अलाइव्हचा कपॅसिटर (मळक्या रुळावर क्षणभर करंट पुरवणारा) बसवलेला असेल तर तोही वाचण्यात घोळ घालतो.

काय काय वाचायचं. सीव्ही ८ मधे कंपनीचा नंबर असतो, ईएसयूचा १५१, झिमोचा १४५, डिजिट्रॅक्सचा १२९, लेन्झचा ९९. तो बरोबर वाचला गेला की डेकोडर जिवंत आहे, सुटकेचा श्वास घ्या. सीव्ही १ मधे छोटा नंबर. सीव्ही १९ शून्य पाहिजे, कधीतरी दोन इंजिनं जोडून चालवली असतील तर तिथं जोडीचा नंबर राहून जातो आणि मग इंजिन स्वतःच्या नंबरला हलत नाही, यात लोकांचे रविवारच्या रविवार गेलेत. सीव्ही २९ सगळ्यात भानगडीचा, त्यात वेगाच्या स्टेप, डीसीवर चालणं, छोटा-मोठा नंबर अशी बरीच सेटिंग एकत्र असतात. स्पीड कमीजास्त करताना हेडलाइट लागतो-विझतो-लागतो असं होत असेल तर डेकोडर १४ स्टेपवर आणि कंट्रोलर २८ वर आहे. पॉवर चालू करताच इंजिन सुसाट सुटत असेल तर त्याचं साध्या डीसीवर चालायचं सेटिंग चालू आहे, ते बंद करा. छोटा नंबर, २८ स्टेप, डीसी बंद, असं हवं असेल तर सीव्ही २९ मधे २ लिहा, मोठा चार आकडी नंबर असेल तर ३४.

काहीच सुधरेना तर बऱ्याच डेकोडरमधे सीव्ही ८ मधे ८ लिहिलं की कंपनीतनं आला तसा होतो, नंबर परत ३. पण आधी डेकोडरच्या कागदावर बघा, सगळ्यांचं सारखं नसतं. आणि रीसेटच्या आधी डिकोडरप्रोमधे जेवढं वाचता येईल तेवढं वाचून सेव्ह करा. दिवे गेले की चालू कंप्युटर मधेच बंद पडतो, त्यामुळं ती रोस्टरची, म्हणजे इंजिनांच्या नोंदींची, फाईल पेन ड्राइव्हवरही टाकलेली बरी. इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हवाला असेल तर त्याच्यावर ॲडॉप्टर गुणगुणतात, तापतात, तेव्हा प्रोग्रामिंग करूच नका, दिवे येऊ द्या.

एवढं करून सीव्ही ८ पण वाचता येत नसेल तर आठ पिनी सॉकेटमधला डेकोडर काढून दोस्ताच्या इंजिनात लावा. तिथं चालला तर डेकोडर बरा आहे, तुमच्या इंजिनाची मोटर, ब्रश, वायरी बघा. तिथंही गप्प असेल तर तो गेला, नवीन मागवा. पण नवीन लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून मोटरची दोन्ही टोकं डाव्या-उजव्या चाकांना आणि इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला लावून बघा. कुठंही बीप वाजला तर जुना डेकोडर का गेला ते कळलं, आधी तो जोड तोडा, मगच नवीन डेकोडरचं पाकीट फोडा.